कातीचा मालक

एका गावात एक भोळा घरजावई होता. भोळा हा गावाचा शब्द. सासऱ्याचा शब्द वेगळा होता, पण जावयाला तो तोंडावर म्हणायची सोय नाही. म्हणून सासरा तो शब्द गोठ्यात जाऊन बैलाला म्हणायचा. बैल बिचारा मान खाली घालायचा.

आमच्याकडची रीतच आहे ती. जावई कसाही असो, तो जावईबापू. त्याला अरे-तुरे नाही. त्यानं घर पेटवून दिलं, तरी सासऱ्यानं हात जोडून म्हणायचं, "जावईबापू, काडीपेटी जरा जपून वापरत जावा." बस्स.

तर या जावयाचं नाव केरबा. सासरे सर्जेराव आबा. आबांची मिशी मोठी, बैठक मोठी आणि बाता त्याहून मोठ्या. लेक एकुलती एक, अनसा. ती डोळ्यांआड जायला नको म्हणून आबांनी जावई घरात आणला. आणि आणल्या दिवसापासून डोक्याला हात लावून बसले.

अनसाला मात्र नवरा पसंत होता. कुणी विचारलं, "काय बघितलंस गं त्याच्यात?" तर म्हणायची, "सांगितलेलं ऐकणारा बापय गावात हा एकच हाय."

खरंच होतं ते. केरबा सांगितलेलं ऐकायचा. ऐकायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "व्हय मामा. ध्यानात ठिवतो." आणि ठेवायचा. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घोटाळा पुढं व्हायचा.

आषाढ संपत आला. नागपंचमी आठ-दहा दिवसांवर आली. माजघराच्या वर माळा होता, तिथं शेंगांची पोती होती. सासूबाईंनी केरबाला सांगितलं, "जावईबापू, माळ्यावरनं तेवढी पितळी परात काढून द्या."

केरबा शिडीवरून वर गेला. एक तास झाला, दोन तास झाले. परात नाही आणि जावई नाही. शेवटी आबा स्वतः चढले. बघतात तर काय, केरबा पोत्यांपुढं मांडी घालून बसलाय. मांडीवर सापाची कात. चांगली पाच-सहा हात लांब, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी. आणि केरबा पोत्यांच्या फटीत तोंड घालून हाका मारतोय, "ओ पाव्हणं! तुमचं आंगरखं हितंच ऱ्हायलं!"

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"मामा, कुणाचं तरी सापडलंय. अनसा म्हणती, सापडलेलं ज्याचं त्याला द्यावं. पण ह्यो ओ देईना."

आबांनी कात हातात घेतली. उलटीसुलटी करून बघितली. आणि त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. घरात कात असली की लक्ष्मी येते, असं त्यांनी ऐकलं होतं. लक्ष्मी येईल तेव्हा येईल. पण ही भिंतीवर लावली, तर आधी गाव बघायला येईल.

"जावईबापू," ते म्हणाले, "सापडलेली वस्तू परत द्यायची नसती. गुपचूप आत ठेवायची. जपायची. कुणाला बोलायचं न्हाई."

"व्हय मामा. ध्यानात ठिवतो."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दौलतरावांची शेळी चरत चरत आबांच्या परसात आली. केरबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सापडलेली वस्तू! त्यानं शेळी गुपचूप आत घेतली आणि सरपणाच्या खोलीत कोंडली. पाला घातला, पाणी ठेवलं. चांगली जपली. आणि कुणाला बोलला नाही.

दौलतरावांनी गाव पालथं घातलं. शोधायला सगळ्यांत पुढं कोण? आबा. हातात काठी, तोंडात शिव्या. "गावात चोर माजलेत! माझ्या हाताला घावू द्या एकदा, शेळीसारखा बांधून घालतो!" असं म्हणत आबा नेमके आपल्याच दारात उभे राहिले, आणि आतून शेळी म्हणाली, "म्यॅ."

सगळे आबांकडं बघायला लागले. आबा काठीकडं बघायला लागले.

दौलतराव शेळी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "आबा, दूध पायजे हुतं तर मागायचं की." ते आबांच्या काळजाला लागलं. आत येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले.

"जावईबापू, जिवंत जनावराची गोष्ट येगळी असती. त्याच्या मालकाला बोलवायचं. चार माणसांत ओळख पटवायची. मग काय ते ठरवायचं."

"व्हय मामा. ध्यानात ठिवतो."

आता कात जपायची कशी, हा प्रश्न होता. आबांनी खटावकर गुरुजींना बोलावलं. गुरुजी चाळीस वर्षं शाळेत शिकवून घरी बसलेले. शाळेच्या कपाटातली फुलपाखरं, पिसं, घरटी, सगळी त्यांनीच जपलेली. त्यांनी चष्मा लावून कात बघितली आणि खूश झाले.

"वा! अशी अख्खी मिळत नाही हो. डोळ्यांवरची झाकणंसुद्धा शाबूत आहेत. आणि ही उलटी आहे बरं का. आपण पायमोजा काढतो ना, तसा साप कात काढतो. पण आबा, ही धामणीची. बिनविषारी. बिचारी उंदीर खाऊन जगते."

आबांचा चेहरा पडला. धामण? भिंतीवर धामण लावायची? त्यापेक्षा पायमोजा लावलेला काय वाईट!

"गुरुजी," आबा म्हणाले, "जपायची कशी तेवढं तुम्ही सांगा. कुणाची ते मी सांगतो."

गुरुजींनी सांगितलं. कात वाळून कडक झाली आहे, तशीच ओढली तर फाटेल. आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मऊ पडली की पुढचं बघू.

केरबानं कात ओल्या फडक्यात गुंडाळली. अगदी बरोबर केलं. झाडाखाली बसला असता तर कथा इथंच संपली असती. पण तो स्वयंपाकघरात गेला. तिथं पंचमीनंतरच्या जेवणावळीसाठी सासूबाईंनी पापडांचा डबा काढून ठेवला होता. केरबानं एक पापड उचलला. वाळून कडक! जरा ओढला. फाटला! त्यानं लगेच आबांचं धोतर भिजवलं आणि अडीचशे पापड त्यात गुंडाळून ठेवले.

संध्याकाळी धोतरात अडीचशे पापडांचा एकच पापड झाला होता. उशीएवढा. आबांच्या कुत्र्यानंसुद्धा तो हुंगून सोडून दिला.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाळाभर लाटलेले पापड ते. तरी बाई रीतीला चुकल्या नाहीत. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "जे कडक पायजे ते ओलं करत न्हाईत. उन्हात घालायचं. खडखडीत वाळवायचं."

"व्हय मामी. ध्यानात ठिवतो."

सकाळी पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं. केरबानं ओल्या फडक्यातली मऊ पडलेली कात काढली आणि पत्र्यावर घातली. दुपारी तिचं काय झालं असेल? काकडीची साल वाळते तसं झालं. कडा आत वळल्या, सुरकुत्या पडल्या. पाच-सहा हाताची कात चार हातांवर आली.

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा ओलं फडकं, पुन्हा मऊ करणं आलं. "ऊन नको, केरबा. सावलीत वाळव. आणि फळीवर ताणून, दोन्ही कडांना टाचण्या मार. म्हणजे आक्रसणार नाही."

"व्हय गुरुजी. ताणायचं, ठोकायचं. ध्यानात ठिवतो."

आणि या खेपेला कात झकास झाली. लांब फळीवर सरळ ताणलेली, खवला न् खवला मोजून घ्यावा. जुन्या कपाटाची काच वर बसवली, कडेला कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातला आणि पुढच्या सोप्यात, बैठकीच्या भिंतीवर, येणाऱ्याला आधी दिसेल अशी लावली. खाली आबांनी स्वतः खडूनं लिहिलं : नाग.

तिकडं आबांची गोष्टही रोज थोडी ताणली जात होती. पहिल्या दिवशी कात विहिरीच्या काठावर सापडली होती. दुसऱ्या दिवशी तिथं नाग पण होता. तिसऱ्या दिवशी आबांनी त्याला शेपटीला धरलं. पाचव्या दिवशी त्याचा फणा सुपाएवढा झाला. सातव्या दिवशी आबांनी त्याला डोक्याभोवती गरगर फिरवला, तेव्हा कात आबांच्या हातात राहिली आणि नाग उघडाबोडका पळाला. पारावर बसलेली माणसं हसू दाबून म्हणायची, "मग हो आबा?"

लोकांना खरं वाटलं की नाही, ठाऊक नाही. पण एका माणसाला पक्कं खरं वाटायला लागलं. खुद्द आबांना. त्यांचं विहिरीवर जाणं बंद झालं. जावंच लागलं तर दोन गडी पुढं घालून जायचे. कात आपल्याच माळ्यावर सापडली होती, हे त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. मोठ्या माणसांचं असंच असतं. ती स्वतःचं फार ऐकतात.

पंचमीच्या आदल्या दिवशी आबांचा जरीचा फेटा सासूबाईंनी धुतला आणि केरबाच्या हातात दिला. "जावईबापू, एवढा वाळत घाला. बघा हं, आक्रसायला नको."

केरबाला एवढंच पाहिजे होतं. हे काम त्याला येत होतं! सावली हवी. ताणायला जागा हवी. त्यानं पुढचं दार लावलं आणि दाराच्या दोन्ही फळ्यांवर, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, फेटा आडवा-तिडवा ताणून चाळीस खिळे ठोकले. चांगले दोन-दोन इंची.

आवाज ऐकून आबा आतून आले. दार उघडायला गेले. उघडेना. दाराला फेटा आणि फेट्याला चाळीस खिळे.

"मामा," केरबा म्हणाला, "आता ह्याच्या बापाच्यानं बी आक्रसायचं न्हाई."

आबा गोठ्यात गेले. बैलाशी बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज थंड होता.

"जावईबापू, लई झालं. उद्या सगळं गाव माझ्या दारात येणार. ह्यापुढं एक, फक्त एक चूक झाली, तर ह्या घरातनं निघायचं. आंगावरच्या कपड्यानिशी. ह्या घरातल्या एका वस्तूला हात लावायचा न्हाई. तुमी तुमच्या गावाला, भावाच्या खोपटात. आणि अनसा हितं ऱ्हाईल, माझ्यापाशी."

या वेळेला केरबा "व्हय मामा" म्हणाला नाही. त्याला जमिनीचं काही नव्हतं, घराचं काही नव्हतं. पण अनसा? अनसाशिवाय त्याला भाकरी कुठल्या हातानं खायची हेसुद्धा सुचलं नसतं.

अनसा चुलीपुढं बसून रडली. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "हे बघा, उद्या आपल्या मनानं काय करू नका. आबा सांगतील तेवढंच करायचं. करायच्या आधी इचारायचं. मग चूक व्हईलच कशी?"

"व्हय अनसा. इचारून करतो."

पंचमीला आबांचा सोपा माणसांनी भरला. बायकांनी पाटावरच्या नागाला लाह्या-दूध वाहिलं आणि भिंतीवरच्या कातीलाही हळदकुंकू लावलं. आबा खिळ्यांची भोकं आत दुमडून फेटा बांधून बसले होते. तरी एक भोक नेमकं कपाळावर आलं होतं. त्यांनी विहिरीची गोष्ट सुरू केली. आज नाग सात हाताचा झाला आणि जाताना आबांना बोललासुद्धा.

"काय बोलला?" दौलतरावांनी विचारलं. शेळी अजून त्यांच्या डोक्यात होती.

"म्हणाला, सर्जेराव, असा मर्द बघितला न्हाई."

गुरुजी खोकले. दौलतराव कातीजवळ गेले, नाक लावून बघितलं. "आबा, ही तर धामणीची दिसती. आणि इहिरीवरच घावली कशावरनं? साक्षीला कोण हाय?"

सोप्यात कुजबुज झाली. आबांचे कान लाल झाले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "साक्षीला? अहो, खोटं वाटत असंल, तर जिची कात हाय त्या मालकालाच बोलवा की! त्योच सांगंल!"

सगळे हसले. दाराशी केरबा उभा होता. तो हसला नाही. त्याचे डोळे चमकले. मालकाला बोलवायचं. चार माणसांत ओळख पटवायची. हे तर त्याच्या ध्यानात होतं! पण अनसानं सांगितलं होतं, विचारून करायचं.

"मामा, बोलवू?"

"बोलवा, बोलवा!" आबा हसत हसत म्हणाले. "आदबीनं घिऊन या!"

"व्हय मामा."

केरबा आत गेला. थोड्या वेळानं परत आला. हातात मोठी टोपली, टोपलीवर ती पितळी परात. त्यानं टोपली सोप्याच्या मधोमध ठेवली आणि परात काढली.

"मामा, मालक न्हाई, मालकीण निघाली. वळख पटवून घ्या."

टोपलीतून एक चपटं डोकं वर आलं. त्यानं जीभ काढली, आणि चांगली सहा हातांची जिवंत धामण सावकाश टोपलीच्या कडेवरून सोप्यात उतरली.

पुढं जे झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. बायका दारातून गेल्या, बापये खिडकीतून. दौलतराव खिडकीत अडकले, त्यांना गुरुजींनी मागून ढकललं. आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्या झटक्याला कोण उठलं? सात हाती नागाला गरगर फिरवणारे सर्जेराव आबा. फेटा एकीकडं, चप्पल एकीकडं. ते आत पळाले ते सरळ माजघरातली शिडी चढून माळ्यावर. धामण पण गडबडीला घाबरली आणि आडोसा शोधत त्यांच्या मागोमाग माजघरात आली. शिडीच्या पायाशी वेटोळं घालून बसली.

"जावईबापू!" वरून आबांचा आवाज आला. "ही शेवटची चूक! निघा माझ्या घरातनं! निघा!"

केरबाचा चेहरा एवढासा झाला. विचारून केलं होतं त्यानं. पण मामा चूक म्हणतात म्हणजे चूक. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला. पंचा घरातला होता. घडी करून पाटावर ठेवला. पायातल्या चपला काढल्या, त्याही आबांनीच घेऊन दिलेल्या. डोळे भरून अनसाकडं बघितलं आणि अनवाणी दाराकडं चालायला लागला.

"अहो, पर हे जनावर?" आबा ओरडले.

"मामा, ते आता घरातलं हाय. घरातल्या वस्तूला हात लावायचा न्हाई, तुमीच म्हणालासा."

खिडकीबाहेरून दौलतराव म्हणाले, "आबा, तुमी हायसा की! उतरा, धरा शेपूट आणि फिरवा गरगर!"

माळ्यावर आबांनी पाय वर ओढून घेतले. मग आबा म्हणाले, "त्या दिवशी माझ्या पायात चप्पल हुती."

खिडकीबाहेर गाव जे हसलं! अनसा मात्र हसली नाही. तिनं कमरेला पदर खोचला आणि माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. बापाची लेक होती, वेळ ओळखत होती.

"आबा, हे निघाले. मी बी ह्यांच्यासंगं निघाले. दार ओढून घिऊ का?"

"अगं, थांब! जावईबापू, परत या! घर तुमचंच हाय!"

"किती दिवस?" अनसानं विचारलं.

"जन्मभर!"

"आणि चूक झाली तर?"

"हजार होऊ द्यात! गाव साक्षीला हाय!" आबा रडकुंडीला आले. "पर तिला आदी जिथनं आणली तिथं नेऊन सोडा! आत्ताच्या आत्ता! मधी कुठं थांबायचं न्हाई, कुणाला इचारायचं न्हाई!"

केरबाचा जीव भांड्यात पडला. अनसा राहिली, घर राहिलं. आणि काम कसं, अगदी स्वच्छ सांगितलेलं. चुकायला जागाच नाही.

"व्हय मामा!"

त्यानं टोपली आणली. धामणीला दोन्ही हातांनी मायेनं उचलून आत ठेवली, वर परात झाकली, टोपली डोक्यावर घेतली. आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"जावईबापू, इकडं कुठं?"

केरबा दुसरी पायरी चढला.

"अहो, इहिरीवर! इहिरीवर न्या!"

केरबा तिसरी पायरी चढला, चौथी चढला. मधे थांबायचं नव्हतं. त्याचं डोकं माळ्यावर आलं, डोक्यावरची टोपली आबांच्या नाकाशी आली.

"मामा," केरबा आदबीनं म्हणाला, "जरा सरकून बसा. तुमी बसलाय ते पोतं तिचं हाय."